मुळांना चिकटलेली माती का जपायची?

पीक जोमात आले की आपण श्रेय बियाण्याला, पावसाला आणि खताला देतो. मुळांना चिकटलेल्या काही मिलिमीटर मातीकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. जर्मन शास्त्रज्ञ लॉरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये या पट्ट्याला ‘रायझोस्फिअर’ असे नाव दिले. पानांनी तयार केलेल्या अन्नातला काही हिस्सा मुळे शर्करा व आम्लांच्या रूपात इथे सोडतात. त्यावर असंख्य जिवाणू आणि बुरशी पोसल्या जातात.

त्या बदल्यात पिकालाही बरेच काही मिळते. तूर, हरभरा, सोयाबीनच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम गटातील जिवाणू हवेतला नत्र पिकाला वापरता येईल अशा रूपात आणतात. मायकोरायझा बुरशीचे तंतू मुळे पोचत नाहीत तिथून स्फुरद आणतात. काही जिवाणू रोगकारक बुरशीला रोखणारी द्रव्ये तयार करतात.

ही राखण किती प्रभावी असते, हे नेदरलँड्समधील शुगरबीटच्या शेतातील मातीवरून दिसले. रायझोक्टोनिया ही रोगकारक बुरशी असूनही या मातीत रोपे फारशी मरत नव्हती. हीच माती ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली, तेव्हा तिचे संरक्षण संपले. रोगाला बळी पडणाऱ्या नऊ भाग मातीत तिचा एक भाग मिसळला, तर तिथेही रोग कमी झाला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुळांभोवती ३३ हजारांहून अधिक प्रकारचे सूक्ष्मजीव आढळले. विशेष म्हणजे निरोगी आणि रोगट मातीत फरक प्रकारांच्या संख्येचा नव्हता. कोणते सूक्ष्मजीव किती प्रमाणात आहेत, याचा होता.

म्हणूनच जिवाणू खताचे एखादे पाकीट वापरले की काम झाले, असे नाही. हरभऱ्यावरील मर रोगासाठी ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया उपयोगी आहे. पण जमिनीत सेंद्रिय कर्ब नसेल तर बाहेरून आणलेले सूक्ष्मजीव टिकणे अवघड जाते. शेणखत वा कंपोस्ट देणे, पाचट न जाळता कुजवणे आणि पिकांची फेरपालट करणे हे त्यांच्या पोटापाण्याचे उपाय आहेत. रायझोबियमही त्या-त्या पिकाचेच निवडावे लागते.

ते काम करते आहे का, हे शेतातच पाहता येते. फुलोऱ्याच्या सुमारास सोयाबीनचे एक रोप मातीसह अलगद उपटून मुळावरची गाठ कापावी. आतून गुलाबी दिसली, तर नत्राचे काम सुरू आहे.