साध्या पाण्यात खऱ्या मालाची परीक्षा

कापडाच्या धंद्यात भारी खळ दिली की हलका मालही खपतो. पण पहिल्या धुण्यात खळ गेली की दुकानदाराची पतही जाते. जेवणाच्या धंद्यात हीच परीक्षा पाहायची असेल, तर बीजिंगच्या हुई मुसलमानांचे हॉटपॉट पाहावे.

टेबलाच्या मध्यभागी तांब्याचे भांडे, त्यात उभे धुराडे, धुराड्यात पेटते कोळसे आणि सभोवती उकळते पाणी. पाण्यात आल्याच्या चकत्या व पातीचा कांदा. मटणाचा मलमलीसारखा पातळ काप ज्याने त्याने पाण्यात हलवायचा, लाली गेली की काढायचा आणि तिळाच्या वाटणात बुडवून खायचा. मटण शिळे वा जून असेल तर पहिल्या घासालाच कळते. झाकायला मसालाच नसतो.

या पदार्थावर नाव कमावलेली पेढी म्हणजे ‘दोंगलाईशुन’. डिंग दशान या हुई गृहस्थाने १९०३ साली बीजिंगच्या दोंगआन बाजारात खाण्याची लहानशी टपरी टाकली. १९१२ मध्ये सैनिकांच्या बंडात बाजार जळाला. धंदा राख झाला, पण माणूस खचला नाही. १९१४ साली त्याने मटणाचे हॉटेल उघडले आणि दुसऱ्या नामांकित हॉटेलातला मटण कापणारा कसबी कारागीर जास्त पगार देऊन आणला. पुढे मेंढ्या पाळणे, चटण्या बनवणे हेही आपल्याच हाती घेतले. मालाची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली नाही. २००८ साली चीन सरकारने या पेढीच्या हॉटपॉटच्या कलेला राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतले.

खरेदीसाठी चीनला जाणाऱ्या व्यापारी बंधूंनी हॉटेलवर ‘छिंगजन’, म्हणजे हलालची पाटी पाहूनच बसावे. सिचुआनच्या तिखट हॉटपॉटच्या रश्शात बैलाची चरबी असते, म्हणून पाटी नसेल तिथे नुसती भाजी मागवूनही भागत नाही.

घरी करायचे तर चौघांना किलोभर बिनहाडाचे रानाचे मटण घ्यावे. तासा-दोन तासांसाठी फ्रीजरमध्ये ठेवून जरा घट्ट झाले की धारदार सुरीने रेषांना आडवे, शक्य तितके पातळ कापावे. कोळशाची शेगडी बंद खोलीत मुळीच पेटवू नये, त्या धुराने जीव जातो. टेबलावर विजेची शेगडी बरी. भाजलेले तीळ बारीक वाटून त्यात लसूण, मीठ, लिंबू घालावे. आधी मटण, मग कोबी-पालक, शेवटी त्याच पाण्यात शेवया. कच्च्या मटणाचा चिमटा वेगळा, खाण्याचा वेगळा ठेवावा.

मसाला हाताशी नसताना जो माल गिऱ्हाइकापुढे ठेवता येतो, तोच खरा माल. मग तो मटणाचा काप असो की कापडाचा तागा.