डोळे पुढे येतात तेव्हा

"डॉक्टर, गोळ्यांनी थायरॉईड आटोक्यात आलं, मग डोळे अजून असे बटबटीत का?" हा प्रश्न मला रुग्ण नेहमी विचारतात. डोळ्याची खोबण चारी बाजूंनी हाडांची असते. मोकळी फक्त पुढून. ग्रेव्हज आजारात शरीराची प्रतिकारशक्ती डोळ्यामागच्या स्नायूंवर आणि चरबीवरही उलटते. तिथे सूज आली की डोळ्याला पुढे सरकण्यावाचून वाट उरत नाही.

शस्त्रक्रियेत आम्ही खोबणीच्या भिंतींचे थोडे हाड, कधी चरबीही, काढतो. सुजलेल्या भागाला शेजारच्या सायनसच्या पोकळीत जागा मिळते आणि डोळा मागे बसतो. मात्र घाई नको. आजार साधारण ६ महिने स्थिर राहिला, की मगच हे करावे. नंतर लागलीच तर तिरळेपणाची आणि सर्वांत शेवटी पापण्यांची शस्त्रक्रिया. काहींना हाड काढल्यावर एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, हेही आधीच सांगायला हवे.

पण लाल रंग फिका दिसू लागला, नजर मंदावली, तर डोळ्याची नस दाबली जात असेल. तेव्हा एक दिवसही थांबू नका. स्टिरॉइडच्या इंजेक्शनांनी भागले नाही, तर तातडीने केलेली हीच शस्त्रक्रिया नजर वाचवू शकते. आणि विडी-सिगारेट आजच सोडा. तिने हा आजार बळावतो.