चाकांवरचें बिऱ्हाड आणि पावसाळी घाट

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी म्हण आहे. मालमोटारीच्या पाठीवर राहण्याची खोली बसवून प्रवासास निघणारा गृहस्थ ती अक्षरशः खरी करून दाखवितो. अमेरिकेंत अशी खोली चार पायांवर उचलून ठेवितात व खालून मोटार काढून घेतात. आपल्याकडे भाड्यानें मिळणारें फिरतें घर बहुधा मोटारीशीं एकजीव असतें. महाराष्ट्र शासनानें अशा वाहनांतून होणाऱ्या पर्यटनासाठीं २०२१ सालीं धोरणही ठरविलें आहे.

परंतु एकजीव घराची एक अडचण आहे. मुक्कामावरून पावशेर मिरच्या आणावयाच्या तरी सबंध घर हलवावें लागतें! म्हणून कांहीं हौशी मंडळी फटफट्या बरोबर नेतात. घर एका जागीं राहतें, माणसें फिरतात. जून ते सप्टेंबर या आडहंगामांत कोल्हापूरच्या पश्चिमेस ही योजना विशेष उपयोगी पडते. कोल्हापुराहून सुमारें ५५ किलोमीटरांवर, सह्याद्रीच्या कड्यावर गगनबावडा आहे. तेथून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोंकणांत उतरतात. या दिवसांत मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यास जाणाऱ्या होड्या बंद असतात, दाजीपूरचें अभयारण्यही बंद असतें. उरतो तो पाऊस, धुकें आणि ओलीगार झाडी. ज्यास तेवढें पुरतें त्यानेंच निघावें.

आतां मुख्य प्रश्न वजनाचा. फटफट्या बहुधा गाडीच्या मागें, बाहेर, टांगण्यांत येतात. समजा, गाडीच्या पुढच्या व मागच्या आंसांत ३ मीटर अंतर आहे आणि फटफट्या मागच्या आंसापासून दीड मीटर मागें आहेत. साडेतीनशें सी. सी. ची एक फटफटी सुमारें १९० किलोग्रॅम धरली तर दोहोंचा भार ३८० होतो. पण मागच्या आंसावर ३८० नव्हे, ५७० किलोग्रॅम वाढतात; कारण तरफेच्या न्यायानें पुढच्या चाकांवरचे १९० उचलले जाऊन तेही मागें येतात. पुढचीं चाकें अशीं हलकीं झालीं म्हणजे ओल्या वळणावर चक्र फिरविलें तरी गाडी हवी तशी वळत नाहीं. पाण्याची टांकी मागेंच असेल तर संकटांत भर; शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलोग्रॅम.

उपाय दोन. टांकी दोन्ही आंसांच्या मध्यें, तळाशीं असावी. आणि फटफट्या हलक्या घ्याव्यात. ११० किलोग्रॅमची साधी फटफटी मिरच्या आणावयास मुळींच कमी पडत नाहीं. कोल्हापुरांत जड गाडीचा डौल मोठा, हें खरें. पण घाटास त्याचें कौतुक नाहीं. उतरतांना गाडी आरंभापासूनच खालच्या गिअरांत ठेवावी, नाहींतर सततच्या दाबानें ब्रेक तापून ऐन वळणावर दगा देतात.

घाट सुखरूप पार पडला तरी परतीची वाट पाण्यावर अवलंबून असते. या जिल्ह्यांत नद्यांवर जागोजागीं कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. दगडी खांबांच्या खांचांत बरगे घालून पाणी अडवितात, पावसाळ्यापूर्वीं ते काढून घेतात. माथ्यावरून एरवीं रहदारी चालते. पूर आला कीं तो माथा बुडतो. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशाऱ्याची आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी मानितात. गगनबावड्याच्या रस्त्यावर मांडुकली येथें व रत्नागिरीच्या रस्त्यावर केर्ली येथें पाणी येऊन वाहतूक थांबते. २०१९ व २०२१ च्या महापुरांत तर शिरोलीजवळ पुणें-बंगळूर महामार्गच बंद पडला होता.

अशा वेळीं फटफटीचा मोह घातक ठरतो. घर अडकलें तरी आपण दोघे पलीकडे निघून जाऊं, असें वाटतें. वाहतें पाणी फूटभर खोल असलें तरी लहान मोटारीस ढकलून नेऊं शकतें. दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्याची काय कथा? आणि घराची रुंद बाजू तर प्रवाहास आयतीच भिंत मिळते. पाणी चढूं लागलें कीं वरच, उतारापासून व दरडीपासून दूर, सपाट जागीं थांबावें. त्यासाठीं निघतांनाच चार दिवसांचा शिधा, पिण्याचें पाणी आणि इंधन घरांत असावें. बाहेर कितीही झड असो, शेगडी पेटवितांना खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलींत कोंडणारा विषारी वायू वासावरून कळत नाहीं.