घरगुती सर्किट बोर्डावरील अक्षरें



चार वर्षांपूर्वीं मीं घरीं वीजपुरवठ्याचा एक लहानसा सर्किट बोर्ड तयार केला. तांब्याच्या रेषा स्वच्छ उमटल्या, यंत्र चालूं लागलें, आणि आपलें काम संपलें असें मी समजलों. गेल्या पावसाळ्यांत त्यांतील इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदलण्याचा प्रसंग आला. धनाग्र कोणत्या भोंकांत आणि ऋणाग्र कोणत्या, हें पाटीवर कोठेंच लिहिलेलें नव्हतें. मी आठवणीवर विसंबलों, तो उलटा बसविला, आणि वीज सोडतांच मोठा आवाज होऊन तो फुटला. डोळ्यांवर चष्मा होता म्हणूनच डोळे वांचले. तांबें वीज वाहून नेतें; परंतु कोणता भाग कोठें व कसा बसवावा, हें सांगण्याचें काम अक्षरांचें आहे.

हीं अक्षरें लेसर छपाईचें यंत्र आणि कपड्यांची इस्त्री यांच्या साहाय्यानें घरीं उमटवितां येतात. याचें मर्म टोनरमध्यें आहे. टोनर ही पातळ शाई नव्हे. ती प्लॅस्टिक आणि रंगद्रव्य यांची बारीक पूड होय. उष्णतेनें ती वितळते, निवाली कीं चिकटून बसते, आणि पुन्हां तापविली असतां पुन्हां मऊ होते. न्यूयॉर्कमधील अ‍ॅस्टोरिया येथें २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं चेस्टर कार्लसन व ऑटो कोर्नाय यांनीं या पद्धतीची पहिली प्रत काढली. तींत त्या दिवसाची तारीख आणि स्थळाचें नांव एवढाच मजकूर होता. त्या वेळचीहि पूड मेणकागदावर उतरवून, मेण तापवूनच स्थिर केलेली होती.

आतां कृति पाहूं. रेषा उमटवून व भोंकें पाडून झाल्यावर, परंतु सुटे भाग बसविण्यापूर्वीं, हें काम करावें. पाटीची कोरी बाजू भिजविलेल्या बारीक पॉलिश पेपरनें हलकेच घासावी. ओलें घासल्यानें काचतंतूंची धूळ श्वासावाटे छातींत जात नाहीं. मग ती अ‍ॅसिटोननें पुसावी.

मजकूर झिलईदार कागदावर गडद छापावा, आणि आरशांत दिसतो तसा उलटा छापावा. नवशिके नेमके येथेंच चुकतात. कारण खालच्या बाजूचा तांब्याचा नकाशा वरून पाहिल्यासारखाच छापावयाचा असतो, उलटावयाचीं तीं फक्त वरचीं अक्षरें. भोंकांच्या खुणाहि सोबत छापाव्या. समोरासमोरच्या दोन खुणांतून टाचण्या घालून त्या पाटीच्या भोंकांत ओवल्या कीं कागद बिनचूक बसतो. कडा कागदी चिकटपट्टीनें बांधून टाचण्या काढाव्या.

नंतर वाफ बंद ठेवून कडक इस्त्री दोन-तीन मिनिटें सर्वत्र सारखी दाबावी. पाटी पूर्ण निवल्यावर पंधरा मिनिटें पाण्यांत ठेवावी, आणि भिजलेला कागद अंगठ्यानें हळूहळू चोळून काढावा. अक्षरें तुटलीं तर अ‍ॅसिटोननें पुसून पुन्हां आरंभ करावा. शेवटीं पारदर्शक रोगणाचा पातळ हात द्यावा; मात्र कांहीं रोगणें टोनर विरघळवितात, म्हणून आधीं टाकाऊ तुकड्यावर परीक्षा घ्यावी.

माझा तो बोर्ड मीं पुन्हां केला आहे. त्यावर आतां धन-ऋणाच्या खुणा, व्होल्टांचा आंकडा आणि तारीख आहे. पुढें तो दुसऱ्या कोणी उघडला, तरी त्यास माझ्या आठवणीवर विसंबावें लागणार नाहीं.