येझदीचे ऑइल सील

टावर चौकात कधी तरी जुनी येझदी दिसते. ती बनविणारा म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ साली बंद झाला, म्हणून घरात असलेली गाडी सांभाळावी लागते.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल व हवा आधी क्रँककेसमध्ये येते. तेथे शाफ्टच्या दोन्ही बाजूंस रबरी ऑइल सील असते. काही वर्षांनी रबर कडक होते. क्लचकडचे सील गेले तर तेल आत ओढले जाऊन दाट पांढरा धूर निघतो. दुसऱ्या बाजूचे गेले तर जास्तीची हवा शिरते, इंजिन तापते आणि चालत्या गाडीत पिस्टन जाम होऊ शकतो. मागचे चाक अडकले की चालविणारा पडतो. म्हणून हे काम टाळू नये.

जुन्या सीलचे तोंड कोणत्या बाजूस आहे ते आधी पाहावे. जागा स्वच्छ पुसावी, नव्या सीलच्या आतल्या कडेला तेल लावावे, शाफ्टच्या खाचेवर पातळ टेप गुंडाळावी. मग सीलच्या मापाच्या नळीने चारी बाजूंनी सारखे दाबावे, तिरपे ठोकू नये. काढलेले सील पुन्हा वापरू नये.

पालकांनी मिस्त्रीकडे जाताना मुलांना सोबत न्यावे, असे आम्ही सुचवितो. पुस्तकातला हवेचा दाब तेथे प्रत्यक्ष समजेल.