नव्या परफॉर्मन्स कारचे वेटिंग आणि रनिंग-इन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

परफॉर्मन्स कार म्हणजे नुसती महाग किंवा दिसायला आक्रमक गाडी नव्हे. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल, ब्रेक आणि सस्पेन्शन यांनी वारंवार मोठा ताण सोसावा अशा हिशेबाने बांधलेली ती गाडी असते. बीएमडब्ल्यूच्या एम विभागाच्या एम२, एम३ आणि एम४, मर्सिडीजच्या एएमजी, पोर्शेची ९११, शेव्हरलेची कॉर्व्हेट ही तिची ठळक उदाहरणे. अशी गाडी बुक केल्यापासून तिने रनिंग-इनचे, म्हणजे नवे भाग एकमेकांना नीट बसेपर्यंत जपून चालवायचे, पहिले दोन-तीन हजार किलोमीटर पूर्ण करेपर्यंतचा काळ मालकाच्या दृष्टीने सर्वांत उत्सुकतेचा असतो, आणि ऐकीव सल्ल्यांचा भडिमारही याच काळात होतो. त्यातले बरेचसे सल्ले जुन्या गाड्यांच्या अनुभवातून आलेले आहेत, तर काही मुळातच चुकीचे आहेत.

वेटिंग म्हणजे डीलरने मुद्दाम केलेली अडवणूक

महाराष्ट्रातल्या एका पिढीने वेटिंगचा अनुभव बजाजच्या स्कूटरसाठी आणि कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसाठी घेतला. तेव्हा कारखान्याने किती वाहने बनवायची हे सरकारी परवाना ठरवत असे. मागणी कितीही वाढली तरी उत्पादन वाढवता येत नसे आणि नंबर लागायला वर्षे जात. त्या काळातून आलेला ‘माल आहे, पण देत नाहीत’ हा संशय अजून टिकून आहे. आजच्या परफॉर्मन्स कारला लागणाऱ्या वेळाची कारणे निराळी आहेत.

अशी गाडी सहसा साठ्यासाठी बनत नाही. कंपनी प्रत्येक देशाला वर्षाचा ठरावीक कोटा देते, त्या कोट्यातून डीलरला गाड्या मिळतात आणि ग्राहकाची ऑर्डर कारखान्याच्या वेळापत्रकातल्या एका जागेला, म्हणजे प्रॉडक्शन स्लॉटला, जोडली जाते. एम३ सेडान म्युनिकमध्ये बनते, तर सध्याची एम२ मेक्सिकोतल्या सान लुईस पोतोसी इथल्या कारखान्यात. रंग, सीट, ब्रेकचा प्रकार यांपैकी एखादा भाग वेळेवर आला नाही तर गाडी लाइनवर चढत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनमधून येणाऱ्या वायरिंग हार्नेसचा पुरवठा युद्धामुळे थांबला, तेव्हा बीएमडब्ल्यू, पोर्शे आणि फोक्सवॅगन या तिन्ही कंपन्यांच्या उत्पादनाला फटका बसला. शिवाय भारताच्या आयात नियमांनुसार स्टिअरिंग उजवीकडे असलेलीच नवी गाडी आणता येते. त्यामुळे जर्मनी किंवा अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेली गाडी इकडे वळवण्याची सोय नाही.

त्यानंतर समुद्रप्रवास. गाड्या बहुधा रो-रो जहाजांतून, म्हणजे ज्यांत त्या चालवतच चढवता-उतरवता येतात अशा जहाजांतून येतात आणि या प्रवासाचे धोके खरे आहेत. मार्च २०१९ मध्ये ग्रांदे अमेरिका हे जहाज आग लागून फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडाले. त्यात पोर्शेच्या ३७ गाड्या होत्या, आणि त्यांपैकी चार ९११ जीटी२ आरएस होत्या. त्या मॉडेलचे उत्पादन संपले होते, तरी ब्राझीलच्या ग्राहकांसाठी कंपनीने ते पुन्हा सुरू केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये फेलिसिटी एस या जहाजाला अझोर्स बेटांजवळ आग लागली आणि १ मार्चला ते सुमारे ४,००० गाड्यांसह बुडाले. अशा वेळी ज्या ग्राहकाची गाडी जाते त्याला पुन्हा नव्या स्लॉटची वाट पाहावी लागते, आणि यात कोणाचीच चाल नसते.

डीलरच्या हाती काहीच नसते असे मात्र नाही. मर्यादित संख्येतली गाडी कोणाला द्यायची हे ठरवताना जुन्या ग्राहकाला झुकते माप मिळते, हे खरे आहे. २०२५ मध्ये भारतात आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयच्या पहिल्या १५० आणि स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसच्या १०० गाड्या किंमत जाहीर होण्याआधीच संपल्या. त्या तुकडीसाठी कितीही थांबले तरी उपयोग नव्हता, कारण रांगच बंद झाली होती. म्हणून ‘किती महिने लागतील’ यापेक्षा ‘ऑर्डरला प्रॉडक्शन स्लॉट मिळाला आहे का’ हा प्रश्न अधिक कामाचा. स्लॉट मिळेपर्यंत सांगितलेले महिने हा अंदाजच असतो.

मीटरवर शून्य नसेल तर गाडी वापरलेली आहे

कारखान्यात तयार झालेली गाडी रोलरवर आणि काही ठिकाणी ट्रॅकवर तपासली जाते, मग जहाजावर चढवली-उतरवली जाते. त्यामुळे मीटरवर थोडे किलोमीटर असणे स्वाभाविक आहे. निसान जीटी-आरच्या बाबतीत तर तोचिगी कारखान्याच्या ट्रॅकवर गाडी चालवणे हा उत्पादनाचाच भाग होता. गाडी किती जुनी आहे हे मीटरवरून कळत नाही. विक्रीच्या वेळी मिळणाऱ्या फॉर्म २१ वर उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेले असते. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो, त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात.

प्रवासासाठी टायरमध्ये हवा जास्त भरलेली असते. जमिनीलगत बसणाऱ्या काही गाड्यांच्या स्प्रिंगमध्ये उंची राखणारे ठोकळे बसवलेले असतात. डिलिव्हरीपूर्व तपासणीत हवा कमी करणे आणि ठोकळे काढणे अपेक्षित असते. एखादा ठोकळा राहून गेला तर गाडी विलक्षण कडक चालते आणि मालकाला वाटते की स्पोर्ट्स सस्पेन्शन असेच असते. ब्रेक डिस्कवर दिसणारा तांबूस थर मात्र काळजीचा नाही, काही वेळा ब्रेक लावले की तो निघून जातो.

आताची इंजिने इतकी अचूक असतात की रनिंग-इन लागत नाही

हा समज सर्वांत जास्त पसरलेला आहे आणि त्यात अर्धे सत्य आहे. सिलिंडरची आतली भिंत गुळगुळीत नसते. होनिंगच्या प्रक्रियेत तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा पाडतात. त्या रेघांमध्ये तेल टिकते. पिस्टन रिंग या भिंतीवर घासत जाते, तसे दोन्ही पृष्ठभागांवरचे सूक्ष्म उंचवटे झिजतात आणि रिंग भिंतीला नीट बसते. पूर्वी हे काम मालकाच्या हातून होई, कारण भिंत खडबडीत असे. आता होनिंगच्या शेवटच्या टप्प्यात उंचवटे आधीच छाटले जातात. अनेक परफॉर्मन्स इंजिनांत तर ओतीव लोखंडाची स्लीव्हच नसते. एएमजीचे नॅनोस्लाइड तंत्र किंवा बीएमडब्ल्यूच्या एस५८ इंजिनातला फवारलेला लोहयुक्त थर हा मिलिमीटरच्या अंशाइतका पातळ असतो आणि त्यावर घर्षण फार कमी होते. त्यामुळे रिंग बसण्याचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच उरकतो, हे खरे.

परंतु गाडी म्हणजे केवळ सिलिंडर नव्हे. बेअरिंग, गिअरचे दाते, क्लच, डिफरन्शिअल, ब्रेक आणि टायर हे सगळेच नवे असतात. म्हणून ज्यांनी हे अचूक इंजिन बनवले त्या कंपन्याच मर्यादा घालतात. बीएमडब्ल्यू एमच्या पुस्तिकेत पहिल्या २,००० किलोमीटरपर्यंत ५,५०० आरपीएम आणि ताशी १७० किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे. एएमजी १,५०० किलोमीटरपर्यंत ताशी १४० किलोमीटर सांगते आणि ४,५०० आरपीएमपर्यंतही थोडाच वेळ जाऊ देते. पोर्शे ३,००० किलोमीटरपर्यंत संयम सुचवते. कॉर्व्हेटच्या सी८ पिढीत तर ८०० किलोमीटर होईपर्यंत पहिल्या दोन गिअरमध्ये संगणकच टॉर्क सुमारे ३० टक्क्यांनी कमी ठेवतो. आकडे वेगवेगळे आहेत कारण यंत्रे वेगवेगळी आहेत. एका कंपनीचा आकडा दुसरीच्या गाडीला लावणे चूक. एकाच कंपनीतही फरक असतो: चेन्नईत जुळणी होणारी एम३४०आय ही नावात एम असली तरी पूर्ण एम कार नव्हे, तिचे इंजिन वेगळे आणि तिला एम३ चे नियम लागू नाहीत.

पहिल्या दिवसापासून ताणली तरच इंजिन मोकळे होते

या सल्ल्यामागचे भौतिकशास्त्र बरोबर आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. ज्वलनाचा वायू रिंगच्या मागे शिरतो आणि तिला भिंतीवर दाबतो. म्हणजेच रिंग बसायला इंजिनावर थोडा भार हवाच. आठवडेच्या आठवडे फक्त ट्रॅफिकमध्ये रांगणारी किंवा तासन्‌तास आयडलिंगवर उभी असलेली नवी गाडी चांगली बसत नाही. पण भार हवा याचा अर्थ पूर्ण थ्रॉटल हवा असा होत नाही. शर्यतीच्या इंजिनांचे उदाहरण इथे नेहमी दिले जाते. ती डायनोवर, म्हणजे इंजिन चाचणीच्या यंत्रावर, तंत्रज्ञांच्या नजरेखाली बसवली जातात आणि थोड्याच वापरानंतर खोलली जातात. रस्त्यावरच्या गाडीकडून अपेक्षा लाखभर किलोमीटरची असते.

थंड इंजिन ताणणे हे तर नव्या आणि जुन्या दोन्ही गाड्यांचे नुकसान करते. काटा सहसा शीतकाचे तापमान दाखवतो, आणि शीतक तेलापेक्षा बराच आधी गरम होतो. बीएमडब्ल्यू एम गाड्यांच्या टॅकोमीटरवर तेल गरम होईल तशी सरकत जाणारी इशाऱ्याची पट्टी असते, ती याचसाठी. उभ्या जागी इंजिन चालू ठेवून वाट पाहण्यापेक्षा हळू आरपीएमवर गाडी चालवत नेणे केव्हाही चांगले, कारण त्यात गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलचे तेलही गरम होते. उभ्या गाडीला जास्तीत जास्त वेगाने सुटायला मदत करणारे लाँच कंट्रोल रनिंग-इनच्या काळात वापरू नये, असे बीएमडब्ल्यूची पुस्तिका स्पष्ट बजावते.

हायवेवर एका वेगात नेली की रनिंग-इन उत्तम होते

मुंबई ते नागपूर हा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्यामुळे एका फेरीत किलोमीटर ‘काढून टाकण्याचा’ मोह होतो. ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेत क्रूझ कंट्रोल लावून गेलेल्या गाडीचे इंजिन मात्र तासन्‌तास जवळपास त्याच आरपीएमवर आणि त्याच भारावर फिरते. जवळपास सर्व कंपन्या नेमके हेच टाळायला सांगतात आणि वेग व आरपीएम बदलत ठेवायला सांगतात. मोकळ्या साध्या रस्त्यावर, घाटात, चढ-उतारावर, पॅडलने गिअर बदलत, मध्यम भाराने चालवलेले दोनशे किलोमीटर सरळ महामार्गावरच्या तेवढ्याच अंतरापेक्षा अधिक उपयोगी ठरतात. उतारावर थ्रॉटल सोडून इंजिन ब्रेकिंग करणेही चांगले.

पहिले तेल लवकर बदलणे हा खर्चाचा बहाणा

एम गाड्यांची पहिली सर्व्हिस २,००० किलोमीटरला असते. तिच्यात इंजिनाचे तेल, फिल्टर आणि मागच्या डिफरन्शिअलचे तेल बदलतात. यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. इंजिनाच्या तेलातला धातूचा चुरा फिल्टर पकडतो, पण सामान्यतः डिफरन्शिअलला फिल्टर नसतो. गिअरच्या दात्यांचे सुरुवातीचे कण त्याच तेलात फिरत राहतात. लॉकिंग डिफरन्शिअल असलेल्या एएमजी गाड्यांतही हे तेल ३,००० किलोमीटरला बदलायला सांगितलेले असते. पोर्शे अशी वेगळी पहिली सर्व्हिस मागत नाही, आणि तिथे ती न करणे ही हयगय नव्हे.

आधी खनिज तेल वापरावे आणि नंतर सिंथेटिक, हा सल्ला मात्र कालबाह्य आहे. कॉर्व्हेट १९९२ पासून कारखान्यातूनच सिंथेटिक तेल भरून येते. रनिंग-इनच्या काळात तेल थोडे जास्त जळू शकते. त्यात बिघाड काही नाही, पण पातळी वरचेवर तपासायला हवी.

रनिंग-इन फक्त इंजिनाचे असते

सुरक्षेच्या दृष्टीने हा समज सर्वांत धोकादायक. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश उरतो आणि पकड कमी असते. बीएमडब्ल्यू पहिले ३०० किलोमीटर जपून चालवायला सांगते. ब्रेक पॅड आणि डिस्क एकमेकांना पूर्ण बसायला सुमारे ५०० किलोमीटर लागतात, क्लचलाही तेवढेच. पाचशे अश्वशक्तीच्या गाडीला डिलिव्हरीच्याच दिवशी पावसात वळणावर जोर दिला तर इंजिनाआधी टायर दगा देतात.

२,००० किलोमीटरचा आकडा ओलांडला की लगेच लाल रेषेपर्यंत जायला मुभा मिळते, असेही नाही. एमच्या पुस्तिकेनुसार पुढे ५,००० किलोमीटरपर्यंत आरपीएम आणि वेग क्रमाक्रमाने वाढवायचा असतो. आणि इंजिन, डिफरन्शिअल, क्लच, ब्रेक पॅड किंवा टायर यांपैकी काही नवे बसवले, तर त्या भागापुरते रनिंग-इन पुन्हा करावे लागते, मग गाडीने कितीही किलोमीटर पूर्ण केलेले असोत.