मान्सूनचा अंदाज आणि ‘सरासरी’चा अर्थ

भारतीय हवामान विभागाची स्थापना 1875 मध्ये झाली आणि त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी, हिमालयावर बर्फ अधिक साचल्यास पुढील पाऊस कमी पडतो या निरीक्षणाच्या आधारे, 1886 मध्ये मान्सूनचा पहिला औपचारिक दीर्घकालीन अंदाज दिला. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदी पडताळून पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील वायुदाबाच्या परस्परविरुद्ध चढउताराला ‘दक्षिणी आंदोलन’ हे नाव दिले. एल निनोशी, म्हणजे पॅसिफिकच्या पृष्ठभागाच्या तापण्याशी, त्याचे नाते नंतर उलगडले. विभागाचे मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यात आले, 1944 मध्ये दिल्लीला गेले. दीर्घकालीन अंदाजाचे काम मात्र पुण्यात आजही चालते.

या अंदाजातील ‘सरासरी’ नीट समजून घेणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे. जून ते सप्टेंबरमध्ये देशभर पडणाऱ्या पावसाची 1971 ते 2020 या काळातील सरासरी 87 सेंटिमीटर असून, तिच्या 96 ते 104 टक्के पाऊस सर्वसाधारण मानला जातो. मात्र हा आकडा संपूर्ण देशाचा व संपूर्ण हंगामाचा असल्याने, तो खरा ठरूनही मराठवाड्यात पेरणीनंतर पावसाचा दीर्घ खंड पडू शकतो. म्हणून पेरणीचा निर्णय घेताना जिल्हावार अल्पकालीन अंदाज आणि कृषी हवामान सल्ला यांनाच अधिक महत्त्व द्यावे लागते.